डोळ्यांवर बांधलेली कचेरी

(हैदराबाद येथे मराठी भाषक कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून तुमच्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. वेतनकरार, कंत्राटीकरण, महागाई भत्ता असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असताना, डोक्यावर चढवावयाच्या एका महागड्या उपकरणाची चर्चा कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. आभासी वास्तवाचा हेडसेट घालून रोजचे कार्यालयीन काम करणारे लोक आपल्या देशात आज फारच थोडे आहेत. पण कचेरीत येणाऱ्या यंत्राची चर्चा ते टेबलावर येऊन बसल्यानंतर सुरू करावयाची की त्याआधी, हा कर्मचारी चळवळीच्या दृष्टीने किरकोळ प्रश्न नाही. माझे म्हणणे आरंभीच मांडते. या यंत्राची सध्या बाजारात पीछेहाट झाली आहे. ते दुर्बळ आहे तोवरच त्याच्या वापराच्या अटी लिहून घेतल्या पाहिजेत, आणि त्या अटी ठरविण्यासाठी हे यंत्र काय करते, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

यंत्र आणि त्याचे आश्वासन

हेडसेट म्हणजे डोळ्यांपुढे अगदी जवळ बसविलेले दोन छोटे पडदे, त्यांच्यासमोर दोन भिंगे, आणि डोके व हात कोठे वळले याची नोंद घेणारे कॅमेरे व संवेदक. डोके वळले की चित्रही त्याप्रमाणे बदलते, आणि माणसाला आपण दुसऱ्याच जागी असल्यासारखे वाटते. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये असे उपकरण बनविले, तेव्हा ते छताला टांगावे लागले होते. डोक्यावर टांगलेल्या या अवजड सांगाड्याला 'डॅमोक्लीसची तलवार' असे नाव पडले. १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर यांच्या कंपनीने अशी उपकरणे विकायला काढली आणि 'आभासी वास्तव' हा शब्दप्रयोग रूढ झाला. २०१२ मध्ये ऑक्युलस ही कंपनी निघाली. २०१४ मध्ये फेसबुकने ती २०० कोटी डॉलरना विकत घेतली.

तोपर्यंत हे उपकरण मुख्यतः खेळांसाठी होते. कचेरीकडे त्याची दिशा वळली ती महासाथीच्या काळात. ऑगस्ट २०२१ मध्ये फेसबुकने 'होरायझन वर्करूम्स' नावाची आभासी सभागृहे सुरू केली. हेडसेट घातलेले १६ जण तेथे एका टेबलाभोवती बसू शकत होते. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला कंपनीने आपले नाव बदलून 'मेटा' केले. अ‍ॅक्सेंचर या सल्लागार कंपनीने नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ६०,००० हेडसेट घेतल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेटाने खास कामासाठी म्हणून १,५०० डॉलरचा 'क्वेस्ट प्रो' आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅपलचा 'व्हिजन प्रो' अमेरिकेत विक्रीस आला. त्याची किंमत ३,४९९ डॉलर होती. त्या वेळच्या दराने हे सुमारे २ लाख ९० हजार रुपये होतात. आपल्याकडील कित्येक कंत्राटी कारकुनांची ही वर्षभराची मिळकत आहे.

या सर्वांचे कचेरीला दिलेले आश्वासन एकच होते. टेबल, संगणकाचा पडदा, खोली, इमारत यांची गरज उरणार नाही. स्वयंपाकघरात, आगगाडीत किंवा जिन्याच्या पायरीवर बसलात तरी डोळ्यांसमोर हवे तितके मोठे पडदे तरंगतील, आणि दूरदूरचे सहकारी एकाच टेबलाभोवती जमलेले दिसतील.

शरीराची साक्ष

या आश्वासनाची परीक्षा जर्मनीतील कोबुर्ग येथील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह घेतली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. १६ जणांनी एक आठवडा, म्हणजे रोज ८ तासांचे ५ दिवस, आपले नेहमीचे काम हेडसेट घालून केले आणि दुसरा एक आठवडा साध्या पडद्यासमोर केले. हे १६ जण म्हणजे अखेरपर्यंत टिकलेले लोक होत. आणखी दोघांना पहिल्याच दिवशी डोकेदुखी, मळमळ, अस्वस्थता यांसारख्या त्रासामुळे प्रयोग सोडावा लागला होता. टिकलेल्यांनीही साध्या पडद्याच्या तुलनेत कामाचा भार सुमारे ३५ टक्क्यांनी, वैताग ४२ टक्क्यांनी आणि डोळ्यांवरील ताण ४८ टक्क्यांनी अधिक असल्याचे नोंदविले. आपली उत्पादकता १६ टक्क्यांनी घटल्याचेही त्यांनीच सांगितले. संशोधकांनी असेही नमूद केले की आठवडाभरात लोक काही अंशी या त्रासाला सरावले. हे वाक्य आपण विसरू नये. माणूस त्रासाला सरावतो, याचा अर्थ त्रास नाहीसा होतो असा नव्हे. गिरणीच्या साच्याखात्यातील कामगारही आवाजाला सरावत असे. तो बहिरा होत चालला आहे, हे घरच्यांच्या आधी लक्षात येई.

त्रासाची कारणे गूढ नाहीत. क्वेस्ट २ चे वजन ५०३ ग्रॅम होते. व्हिजन प्रोच्या पहिल्या आवृत्तीचे ६०० ते ६५० ग्रॅम होते, आणि सुमारे ३५० ग्रॅमची बॅटरी निराळी खिशात बाळगावी लागे. ती साधारण दोन तास पुरे. अर्धा किलोहून अधिक वजन चेहऱ्याच्या पुढच्या बाजूला लटकले की मान ते दिवसभर तोलून धरते. दुसरे कारण डोळ्यांचे. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातील भिंगही त्याच अंतरावर जुळते. या दोन क्रिया जन्मभर जोडीने चालतात. हेडसेटमध्ये भिंगाला मात्र एकाच ठराविक अंतरावर जुळून राहावे लागते, मग चित्रातील वस्तू हातभर दूर असो वा मैलभर. ही ओढाताण क्षणाक्षणाला चालू राहते. शिवाय शरीर स्थिर आणि दृश्य हलते, अशी स्थिती झाली की घाटात मोटार लागते तशी मळमळ सुरू होते.

यात स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे. दोन बुबुळांमधील अंतर स्त्रियांमध्ये सरासरीने कमी असते. अनेक हेडसेटची भिंगे तितकी जवळ येतच नसत. के स्टॅनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की स्त्रियांना होणाऱ्या अधिक त्रासाचे प्रमुख कारण हे न जुळणारे अंतर होते. ज्या स्त्रियांना उपकरण नीट बसले त्यांना पुरुषांइतकाच त्रास झाला. म्हणजे ज्याला 'बायकांना हे सोसत नाही' असे म्हटले गेले असते, तो वास्तविक आराखड्याचा दोष होता. उपकरणाने कोणाचे डोके प्रमाण मानले, एवढाच प्रश्न होता.

मी अनुवादाचे काम करते. असे एक उपकरण काही दिवस माझ्या हाती होते आणि त्यावर मी मराठी मजकुराचे काम करून पाहिले. ज्या भाषेत आपण लिहितो तिच्या बाजूने दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. एक म्हणजे, कोशाचे पान उलटायचे, मूळ मजकुराच्या छापील प्रतीवर पेन्सिलीने खूण करायची, बाजूच्या वहीत शब्द टिपून ठेवायचा, हे सारे अनुवादाचे काम टेबलावर चालते, आणि टेबल दिसत नाही. कॅमेऱ्यातून बाहेरचे दृश्य आत दाखविण्याची सोय असते, पण त्यातून कोशातील बारीक टाइप वाचता येत नव्हता. दुसरी गोष्ट अक्षरांची. संगणकाचा पडदा जेथे अक्षर रेखीव दाखवतो तेथे हेडसेटमधील तरंगता पडदा ते किंचित विरलेले दाखवतो, कारण तेवढेच ठिपके फार मोठ्या दृष्टिक्षेत्रावर पसरलेले असतात. रोमन लिपी हे बऱ्यापैकी सोसते. देवनागरीत मात्र द्व आणि द्ध यांतला फरक बुजतो, रफार शिरोरेषेत मिसळतो आणि अनुस्वाराचा ठिपका दिसेनासा होतो. 'कामगारांचा' आणि 'कामगाराचा' यांत फरक आहे तो एका ठिपक्याचा. तो गेला की अनेकवचनाचे एकवचन होते. मुद्रितशोधनात ही चूक फार महागात पडते. या यंत्राच्या एकूण स्वभावातही अनेकवचनाचे एकवचन करण्याचा हा गुण आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

खोली कोणाची, भाडे कोणाचे

या यंत्राच्या बाजूने सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद असा केला जातो. मोठ्या शहरात एका खोलीत चार माणसे राहतात. अशा घरात काम करणाऱ्या मुलीला स्वतंत्र टेबल मिळत नाही, तीन पडदे तर दूरच. हेडसेट तिला निदान डोळ्यांपुरती स्वतंत्र खोली देतो. या युक्तिवादाची टवाळी करण्याचे कारण नाही. ज्याला चालता येत नाही अशा कर्मचाऱ्यालाही या उपकरणाचा उपयोग होऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या वा वेल्डिंगच्या शिक्षणात, वास्तुरचनेत, जेथे खोली आणि अंतर यांचाच अभ्यास असतो तेथे त्याचे मोल आहे. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांत मार्क्सने केलेला फरक आपण विसरणार नाही.

परंतु प्रश्न असा की, त्या मुलीची खोली मोठी झाली काय? खोली होती तेवढीच राहिली. शेगडी तेथेच आहे, आजारी सासऱ्यांची खाट तेथेच आहे, आणि कोणी हाक मारली तर तिला ऐकू येईल पण दिसणार नाही. बदलले ते एवढेच की कर्मचाऱ्याला बसायला जागा, उजेड, हवा आणि टेबल देण्याची जबाबदारी मालकाच्या अंगावरून उतरली. २०२० मध्ये कचेऱ्या घरी आल्या तेव्हा वीज, खुर्ची आणि इंटरनेटचा खर्च कोणाच्या खिशातून गेला, हे येथील अनेकांना ठाऊक आहे. चष्मा असलेल्याचा खर्च आणखी वेगळा. व्हिजन प्रोमध्ये नंबरची भिंगे बसवून घेण्यासाठी अमेरिकेत १४९ डॉलर निराळे पडत. हत्याराची किंमत कामगाराने भरावयाची, ही प्रथा यंत्रयुगाच्या आरंभीची आहे. तिला नव्या काचेतून पाहिले म्हणून ती नवी होत नाही.

आगगाडीत काम करता येईल, हे आश्वासनही असेच तपासून पाहावे. लोकलमध्ये किंवा मेट्रोत मिळणारा अर्धा पाऊण तास हा दमलेल्या माणसाचा स्वतःचा वेळ असतो. त्यात तो पेंगतो, गप्पा मारतो, वर्तमानपत्र वाचतो. कचेरी डोळ्यांवर बांधता आली की तोही तास कामाच्या हिशेबात आणण्याचा मोह मालकाला होणारच.

पाहणारे यंत्र

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. साधा संगणकाचा पडदा कामगाराला दाखवतो. हेडसेट कामगाराला दाखवतो आणि त्याच वेळी कामगाराकडे पाहतही असतो. हे पाहणे बाजूला काढता येत नाही. डोके कोठे वळले, हात कोठे गेला, हे सेकंदात अनेक वेळा मोजल्याशिवाय चित्र जागेवर राहणारच नाही. क्वेस्ट प्रो आणि व्हिजन प्रो यांत तर डोळे कोठे पाहतात हे टिपणारे कॅमेरेही आतल्या बाजूला आहेत.

श्रमाच्या इतिहासात याचा एक पूर्वज आहे. फ्रेडरिक टेलर यांचे 'शास्त्रीय व्यवस्थापना'चे पुस्तक १९११ मध्ये निघाले. त्याच दशकात फ्रँक गिलब्रेथ यांनी कामगाराच्या हाताला विजेचा लहान दिवा बांधून, कॅमेऱ्याचे झाकण उघडे ठेवून छायाचित्रे काढण्याची पद्धत बसविली. छायाचित्रात कामगार पुसट होई आणि हाताच्या हालचालीची प्रकाशरेषा तेवढी ठळक उमटे. या रेषेवरून कोणती हालचाल 'वाया' जाते हे ठरविले जाई. १९१७ मध्ये विल्यम लेफिंगवेल यांनी हेच तंत्र कचेरीला लावणारे पुस्तक लिहिले. कारकून पाणी पिण्यासाठी किती चालतात याचासुद्धा हिशेब त्या परंपरेत मांडला गेला. हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात ही सारी वाटचाल दाखवून दिली आहे. तथापि गिलब्रेथना दिवा बांधण्यासाठी प्रयोगशाळा लागत असे आणि कामगाराला आपण मोजले जात आहोत हे कळत असे. हेडसेटमध्ये दिवा बांधलेलाच असतो, तो विझत नाही, आणि त्याला मोजणीचे नाव नसते.

या हालचालींतून किती कळते? अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातील विवेक नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एका आभासी खेळाच्या ५५,००० हून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. केवळ डोके आणि हात यांच्या १०० सेकंदांच्या हालचालीवरून यातला नेमका माणूस कोणता, हे त्यांच्या पद्धतीने ९४ टक्क्यांहून अधिक वेळा अचूक ओळखले. नाव, चेहरा, आवाज काहीही दिलेले नव्हते. हालचाल हाच बोटांचा ठसा ठरला. मग ज्या नोंदीतून माणूस ओळखता येतो, त्याच नोंदीतून तो दुपारी तीननंतर मंदावतो का, कोणत्या तक्त्यापाशी त्याची नजर अडखळते, सभेत अधिकारी बोलत असताना तो कोठे पाहतो, हे काढण्याचा प्रयत्न होणार नाही असे कोणी समजू नये. असे अनुमान खरे निघेलच असे नाही. परंतु पगारवाढ रोखण्यासाठी अनुमान खरे असावे लागत नाही. ते आकड्यात मांडलेले असले की पुरते.

आपल्या कायद्याची स्थिती काय आहे? डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. त्याच्या सातव्या कलमात संमतीवाचून माहिती वापरण्याचे काही 'वैध उपयोग' दिले आहेत आणि त्यांत नोकरीविषयक प्रयोजनांचा समावेश आहे. कंपनीची गुपिते जपणे, मालकाला नुकसानीपासून वाचविणे, अशी त्यातील भाषा आहे. या भाषेचा पदर किती लांब ओढता येईल, हे कामगार न्यायालयात उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. व्हिजन प्रोमध्ये नजर कोठे फिरते ही माहिती त्यावर चालणाऱ्या कार्यक्रमांना दिली जात नाही. वापरणाऱ्याने बोटांची चिमूट करून निवड केली म्हणजे तेवढी निवडच पुढे जाते. हे औदार्य म्हणून सांगत नाही. नजरेचा उपयोग करूनही तिची नोंद मालकाच्या हाती न देणारे यंत्र बनविता येते, एवढे यावरून सिद्ध होते. उद्या वाटाघाटीच्या टेबलावर 'हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे' असे उत्तर आले, तर हे उदाहरण हाताशी असू द्यावे.

शेजारचे टेबल

कचेरी ही केवळ काम करण्याची जागा नसते. अधिकारी काही बोलून गेला की दोन टेबलांमध्ये जी नजरानजर होते, डबा खाताना जो प्रश्न पहिल्यांदा उच्चारला जातो, जिन्यात उभ्याउभ्या जे ठरते, त्यातूनच संघटना उभी राहते. आभासी सभागृहात नजरानजर यंत्राच्या मध्यस्थीने होते, आणि कुजबूज ज्याच्या मालकीचे सभागृह त्याच्या यंत्रणेतून जाते. वर्करूम्सच्या आरंभीच्या काळात तेथे बसलेल्या आकृत्यांना कमरेखाली शरीरच नसे. यावर जगभर विनोद झाले. आपण त्यात एवढीच भर घालू की ज्यांना पाय नाहीत त्यांना सभात्याग करता येत नाही.

मघाशी अनुस्वाराविषयी बोलले ते याच कारणाने. एका दालनात बसलेले ४० कारकून हे अनेकवचन असते. त्याच ४० जणांनी आपापल्या घरी ४० हेडसेट चढविले की ४० एकवचने होतात, त्यांच्यापुढे एकच सभागृह तरंगत असले तरी.

पीछेहाटीचा अर्थ

हे यंत्र हरले नाही काय, असे कोणी विचारील. आकडे तसेच दिसतात. मेटाच्या या विभागाला २०२१ ते २०२४ या चार वर्षांत मिळून ५,७०० कोटी डॉलरहून अधिक कार्यकारी तोटा झाला. क्वेस्ट प्रोची किंमत सहा महिन्यांच्या आत १,००० डॉलरवर आणावी लागली आणि पुढे ते बंद झाले. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ चे उत्पादन २०२४ मध्ये थांबविले. ज्या वर्करूम्सपासून आपण सुरुवात केली, त्या स्वतंत्र कार्यक्रम म्हणून फेब्रुवारी २०२६ मध्ये बंद करण्यात आल्या.

तरीही यावरून निश्चिंत होणे योग्य नव्हे. एवढे भांडवल ओतणारे लोक मागे सरतात ते वाट बदलण्यासाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाने काचेतच लहान पडदा असलेला साध्या आकाराचा चष्मा ७९९ डॉलरला आणला. त्याच्यासोबत मनगटातील स्नायूंचे संकेत वाचणारी पट्टी येते. वजनाचा आक्षेप असा दूर होत जाईल, अक्षरे रेखीव होत जातील, मळमळही कमी होईल. शरीराच्या तक्रारी दूर झाल्या की यंत्र नाकारण्याची कामगाराची सर्वांत सोपी सबब संपते आणि पाहणारे यंत्र तेवढे उरते. म्हणून आपल्या मागण्या केवळ मानदुखीवर उभ्या करून चालणार नाही.

अटी

अशा अटी लिहून घेण्याची परंपरा आपल्याकडे आहे. १९६० च्या दशकात कलकत्त्याच्या इलाको हाऊसमध्ये संगणक बसविण्याच्या विरोधात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी दिलेला पहारा प्रसिद्ध आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापनांच्या संघाशी यांत्रिकीकरणाचा करार केला आणि यंत्रे कोठे, कोणत्या कामासाठी व कोणत्या मर्यादेत बसवावयाची हे त्यात नमूद करून घेतले. यंत्रे पुढे आलीच. पण ती काही काळ करारातील कलमांच्या दारातून आली, हा फरक लहान नव्हता. युरोपीय समुदायाने २९ मे १९९० रोजी पडद्यावरील कामाविषयी जो निर्देश काढला त्यात मधूनमधून विश्रांती, काम सुरू करण्यापूर्वी व नंतर ठराविक काळाने डोळ्यांची तपासणी, आणि तिचा भुर्दंड कर्मचाऱ्यावर न टाकण्याचे बंधन आहे. कर्मचाऱ्याला कळू न देता त्याचे काम मोजणारी यंत्रणा लावू नये, असेही त्यात म्हटले आहे. हेडसेट कचेरीत येण्याच्या तीस वर्षे आधी हे लिहिले गेले.

यांच्या आधारे पुढील मागण्या आपापल्या संघटनांत चर्चेसाठी घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे.

पहिली, हेडसेटवर काम करणे पूर्णतः ऐच्छिक असावे, आणि नकार दिल्याबद्दल बदली, मूल्यमापन वा पदोन्नती यांवर परिणाम होऊ नये.

दुसरी, वापराच्या वेळेला मर्यादा असावी. ऑक्युलसच्या सूचनापत्रात दर ३० मिनिटांनंतर १० ते १५ मिनिटे विश्रांती घेण्याचा सल्ला होता. तो तंतोतंत पाळला तर आठ तासांच्या दिवसात उपकरण डोक्यावर राहील ते पाच तास वीस मिनिटे ते सहा तास. निर्मात्याचाच सल्ला करारात घाला आणि विश्रांतीचा वेळ कामाचा वेळ धरा, एवढेच मागावयाचे आहे.

तिसरी, उपकरण, चष्म्याच्या नंबरची भिंगे, वीज आणि बसण्याची नीट जागा यांचा खर्च मालकाने करावा. प्रत्येकाच्या डोळ्यांतील अंतर मोजून उपकरण द्यावे, आणि ज्यांना ते बसत नाही त्यांना साधा पडदा मिळावा. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. त्या संहितांविषयी आपले मत काहीही असो, तिच्यात ठराविक वर्गांतील कर्मचाऱ्यांच्या मोफत वार्षिक आरोग्यतपासणीची तरतूद आहे. हेडसेट वापरणाऱ्यांचा त्या वर्गांत समावेश करून नेत्रतपासणी तीत घालावी, अशी मागणी राज्य सरकारांकडे करता येईल.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, डोके, हात व नजर यांच्या हालचालींच्या नोंदी उपकरणाबाहेर जाऊ नयेत. त्यांवरून कोणाही व्यक्तीचे मूल्यमापन होऊ नये. कोणती नोंद होते, ती किती दिवस राहते आणि कोण पाहतो, याचा लेखी तपशील संघटनेला मिळावा.

पाचवी, आठवड्यातील काही दिवस सर्वांनी प्रत्यक्ष एकत्र बसण्याचा आणि संघटनेच्या सभा मालकाच्या आभासी सभागृहाबाहेर घेण्याचा हक्क मान्य व्हावा.

कॉम्रेड्स, या मागण्यांपैकी एकही यंत्र मोडण्याची नाही. चांगले यंत्र यांपैकी प्रत्येक अट पाळूनही चालू शकते. ज्या यंत्राला कर्मचाऱ्यावर नजर ठेवल्याशिवाय चालताच येत नाही, त्याचा खरा हेतू मात्र या अटी समोर ठेवल्याबरोबर उघडा पडेल. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, पुणे, जेथे जेथे आपण कचेऱ्यांत काम करतो, तेथे पुढच्या करारपत्राच्या मसुद्यात निदान चौथी अट एका ओळीने तरी घालून पाहा. आज त्या ओळीची किंमत मालकाला फार वाटणार नाही, कारण उपकरण अजून त्याने विकत घेतलेले नाही. तो एक घेऊन आला की हीच ओळ मिळविण्यासाठी संपाची नोटीस द्यावी लागेल.